खोप्यावरून पेटलेला वाद

कामरगावच्या स्टँडवरच्या हॉटेलात दर रविवारी दोघांचा वाद रंगायचा. एक बंजारा तांड्यातला राजपाल, विज्ञानाचा मास्तर. दुसरे पुंजाजी, पासष्टीचे कपाशीवाले, पण वादाला बसले की वकिलालाही भारी.

त्या रविवारी पुंजाजींनी टेबलावर सुगरणीचा खोपा ठेवला.

"सांगा मास्तर, येवढी कारागिरी हाये, अन् कारागीर नाई?"

"काका, तुमची बोंडअळी पाहा. आधी औषधानं मरे. ज्या थोड्या तगल्या, त्यायचीच पिल्लं वाढली. आता औषधाले जुमानत नाई. हे कोनी बसून घडवलं का? खोपाही तसाच, लाखो वर्सांत, थोडा थोडा."

"अन् पह्यला जीव कोनं केला?"

राजपाल हसला. "ते मलेही पुरतं ठाव नाई."

पुंजाजींनी खूश होऊन टाळीसाठी हात पुढं केला. तेवढ्यात दाराशी ऐकत उभा असलेला त्यांचा मुलगा गणेश आत घुसला. तुझा बाप तांड्यातल्या मास्तरापुढं हरते, म्हणून मित्र त्याला महिनाभर डिवचत होते.

"आमच्या देवाले अळीच्या रांगेत बसवून राह्यला का बे?"

त्यानं भट्टीची सळई उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसऱ्यानं राजपालचं मनगट काडकन मोडलं. गिऱ्हाइकं बाहेर पळाली, काचेचे ग्लास फुटले. तिसरा घाव डोक्यावर येत होता. पुंजाजी मध्ये पडले अन् तो त्यांच्या कानशिलावर बसला. म्हातारा न ओरडताच कोसळला. गणेशनं रक्त पाहिलं, सळई टाकली अन् मोटारसायकलवर पळाला.

दवाखान्याकडं निघालेल्या जीपमध्ये राजपालनं धड असलेल्या हातानं रुमाल पुंजाजींच्या जखमेवर दाबून धरला. रक्त थांबेना. म्हातारा गेला तर गाव मलाच खुनी म्हणेल, हा विचार येताच त्याला स्वतःचीच किळस आली.

वाशीमच्या दवाखान्यात पुंजाजी वाचले. एका कानानं ऐकू येणं मात्र कायमचं गेलं. पोलीस आले तेव्हा पुंजाजींची बायको चतुराबाई रडून नवऱ्याला म्हणाली, "घसरून पडलो म्हना. पोरगं जेलात जाईन."

"लिवा साहेब," पुंजाजी म्हणाले, "माह्याच पोरानं मारलं. मास्तराचा काई कसूर नाई."

गणेशला मालेगावात पकडलं.

महिन्यानं प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून राजपाल पुंजाजींच्या घरी गेला. चतुराबाईनं त्याला पाहिलं अन् दार तोंडावर लावलं.

"कोन हाये व?" आतून आवाज आला.

"कोनी नाई."

राजपाल परत फिरला. चार पावलांवर थांबला अन् जीव खाऊन ओरडला, "काका, मी हावो! राजपाल!"

आत खाट करकरली.

"दार उघड," पुंजाजी बायकोला म्हणाले. "नाईतर मी उठतो."