वितीएवढं चाक

जावयाची मोटारसायकल मिस्त्रींनीच विकून दिली होती. एकदा खडीवर घसरून जावयाचं कोपर सोलवटलं, तेव्हापासून लेकीने धोशा लावला होता की ती गाडी आता दारात नको. मिस्त्रींचा जन्म मोटारसायकली दुरुस्त करण्यात गेलेला. दोष खडीचा होता, हे त्यांना कळत होतं. पण लेकीचा उतरलेला चेहरा बघवेना, म्हणून त्यांनी गप्प बसून गिऱ्हाईक गाठलं.

पुढे एका रविवारी सकाळी जावई गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला, तो विजेच्या स्कूटरवर. बसायची नव्हे, उभ्याने चालवायची. एक फळी, दोन चाकं आणि वर दांडी, की झाली गाडी. शाळेत चित्रकला शिकवणारा हा शांत माणूस, पण नव्या खेळण्यासारखी ती दाखवत होता. तुमची लेक आता निर्धास्त आहे, म्हणाला. कंपनीने घातलेली वेगमर्यादा आपण काढून टाकलीय, आता ही ताशी सत्तर गाठते, हेही त्याने हळूच सांगितलं.

मिस्त्री उकिडवे बसले. चाक जेमतेम वितीएवढं. दांडी दुमडते तिथला खटका हलवून पाहिला, तर सूतभर खेळ होता. पाना घेऊन त्यांनी तो आवळला. मग शब्द जपून वापरत, कारण जावयाला टाकून बोलणं त्यांना जमत नसे, त्यांनी समजावून पाहिलं. मोटारसायकलचं चाक खड्डा ओलांडून जातं, हे त्यात अडकतं. तिथे माणूस गाडी मांड्यांत धरून बसतो, इथे नुसता उभा. जोरात ब्रेक लागला की गाडी थांबेल, माणूस थांबणार नाही.

"सत्तरच्या वेगाला मोटारसायकलसुद्धा दयामाया दाखवत नाही," ते म्हणाले. "आणि हिला मोटारसायकलचं अंगही नाही."

जावई हसला. "बाबा, एकदा चालवून तर बघा. मग बोला."

ते वाक्य मिस्त्रींना झोंबलं. त्यांनी खुंटीवरचं जाड हेल्मेट चढवलं, पट्टा ओढून बांधला आणि निघाले. वेग एवढा सहज वाढला की क्षणभर त्यांनाही मजा वाटली. त्याच क्षणी गटाराच्या झाकणाशेजारची बोटभर फट त्यांना दिसली. मोटारसायकलवर असते तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. चाक फटीत रुतलं, दांडी हातातून निसटली आणि रस्ता तोंडावर आला.

उजवं मनगट दोन जागी मोडलं. हेल्मेट कपाळापाशी चिरलं होतं.

दवाखान्यात जावई रात्रंदिवस उशाशी होता. त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण डॉक्टरांना त्याने सांगितलं ते असं, की बाबांना सवय नव्हती, उभं राहायचा तोल हळूहळू येतो. पडून दाखवलं तरी माणसाला पटत नाही, याचं मिस्त्रींना हातापेक्षा जास्त दुखत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेक डबा घेऊन आली. केस विस्कटलेले, डोळ्यांत वाऱ्याने आलेलं पाणी, गाल लाल. घर तिथून चांगलं लांब होतं.

"कशानं आलीस?" त्यांनी विचारलं.

"स्कूटरनं. यांनी दांडी सरळ करून घेतली. बाबा, नऊ मिनिटांत पोचले."

मिस्त्रींनी तिच्या हातांकडे पाहिलं. डब्याखेरीज काही नव्हतं.

"हेल्मेट?"

"एवढ्याशा गाडीला कसलं हेल्मेट? मोटारसायकल थोडीच आहे."

किल्ली दे, म्हणाले. हिला किल्ली नसतेच, फोनवरून चालू होते, असं तिने कौतुकाने सांगितलं. सावकाश जाईन, असंही म्हणाली. भेटायची वेळ संपल्याचं सांगायला परिचारिका दारात आली, तेव्हा मिस्त्रींनी डाव्या हाताने लेकीचं मनगट घट्ट धरलेलं होतं. लेक हसली आणि त्यांचं एकेक बोट हळुवारपणे सोडवू लागली.