लाल दिव्याची कॅसेट

माझी धाकटी सून कशी आहे असं कुणी विचारलं, तर मी आधी तिचे दोष सांगते. म्हणजे पुढचं कौतुक ऐकताना समोरच्याला मी थापा मारतेय असं वाटत नाही. तिच्या हातची भाजी एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. कपड्यांच्या घड्या अशा घालते की घडी घातलेला सदरा आणि चुरगळलेला सदरा यांत फरक एवढाच, एक कपाटात असतो. पण ती कॉम्प्युटरसमोर बसली की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. माझ्या तोंडाला कुलूप लावणारं माणूस या घरात कुणी जन्माला घातलं नाही, बाहेरून आणावं लागलं.

आमच्या लेकीच्या लग्नात ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, व्हिडिओ कॅमेरा धरला होता. हे जन्मभर बस चालवत होते. कॅमेरा डेपोतल्या एका दोस्ताचा, एका दिवसापुरता मागून आणलेला. लेकीने नवरा स्वतःच पसंत केला होता, लग्नही नोंदणीचं, नुसत्या सह्यांचं. ह्यांनी नाही म्हटलं नाही, पण हो म्हणायलाही जीभ उचलली नाही. लग्नाच्या दिवशी कॅमेरा घेऊन फिरत राहिले, लेकीशी एक शब्द बोलले नाहीत. ते तिला फार लागलं. "बाबा माझ्या लग्नाला भाड्याने आणल्यासारखे आले होते," असं मला म्हणाली, आणि ते ह्यांच्याही कानावर गेलं. तेव्हापासून बापलेकीत "बरं आहे ना?" "बरं आहे," एवढंच. येते, माझ्याशी स्वयंपाकघरात बोलते, जाते. "आमच्याकडे या" असं बापाला कधी म्हणाली नाही, आणि न बोलावता जाईल तर तो माझा नवरा कसला!

कॅमेरा परत गेला आणि कॅसेट ट्रंकेत पडून राहिली. यंदा लेकीच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. ह्यांनी कॅसेट काढून सुनेच्या हातात दिली.

"हिची डिस्क होते का बघ. तिला द्यायची आहे."

बोलताना तोंड भिंतीकडे. मी काय ते समजले. गडी समेटाला निघाला होता, आणि सगळी भिस्त त्या डबीवर होती.

सुनेने कुणाकडून तरी तसलाच कॅमेरा मिळवला आणि वायरने कॉम्प्युटरला जोडला. तासाची कॅसेट आत उतरायला तासच घेते, तिला घाई करता येत नाही. मी भाजी निवडायला तिथेच बसले.

पडद्यावर फरशी आली. मग पुन्हा फरशी. मग कुणाचे तरी बूट, खुर्च्यांचे पाय, सांडलेलं सरबत.

"नवरा-नवरी कुठायत गं?"

"तेच कळत नाहीये, आई. सह्यांची वेळ आली की चित्र बंद पडतंय. सगळे उठून गेले की सुरू होतंय."

हे दारात उभे होते. "लाल दिवा लागला की मी कॅमेरा खाली सोडत होतो," हे म्हणाले. "लाल म्हणजे थांबलं ना?"

सून हळूच म्हणाली, "बाबा, लाल म्हणजे चालू."

"कुठल्या गाढवाने ठरवलं हे?"

मला हसू आवरेना. उभा जन्म लाल दिव्याला बस थांबवलेला माणूस, तो दुसरं काय करणार? पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि पदर तोंडाला लावून गप्प झाले.

"पुसून टाक," हे म्हणाले. "कॅसेट खराब निघाली म्हणून सांगू. आधीच मला भाड्याचा म्हणते. आता म्हणेल, भाड्याचा माणूससुद्धा नवरी तरी दाखवतो."

"रविवारी ताई येणार आहेत ना? तोवर माझ्याकडे राहू द्या, बाबा."

मग ती रोज कामावरून आली की बसायची. पडद्यावर वर चित्रांची पट्टी, खाली आवाजाची, मुंग्यांची रांग असावी तशी. तुकडा उचलायचा, ऐकायचा, कापायचा, पुन्हा ऐकायचा. मी शिवणकामावर पोरं वाढवलेली बाई आहे, कात्री कुणाच्या हातात शोभते ते मला कळतं. हिच्या हातात शोभत होती.

एकदा तिने हाक मारली. "आई, ही हिरवी सँडल कुणाची? प्रत्येक तुकड्यात आहे."

मी चष्मा लावला. "लग्नात हिरव्या सँडल घालू नकोस म्हणून मी घसा फोडला होता. तुझी नणंद आहे ती!"

तिने पट्टी पुन्हा पहिल्यापासून लावली. मग एकेक तुकडा दाखवत गेली. जेवणाच्या रांगेत हिरवी सँडल. जिन्यावर हिरवी सँडल. पाहुण्यांच्या शंभर पायांत कोपऱ्यात हिरवी सँडल.

"कॅमेरा बाबांच्या खांद्याला लोंबत होता," ती म्हणाली. "बाबा उभे राहतील तिथली जमीन यात आलीय. आणि बाबा दिवसभर ताईंच्या मागे होते."

मी शेजारी वावरले त्या लग्नात, मला दिसलं नव्हतं. ह्या पोरीला नुसत्या फरशीवरून दिसलं.

लग्नाचे व्हिडिओवाले घालतात तशी गाणी तिने घातली नाहीत, उडती फुलं नाहीत की बदाम नाहीत. उलटं आलेलं सुलटं केलं, गोंगाट खाली नेला, ह्यांचा पुटपुटता आवाज वर आणला. पहिली डिस्क आमच्या टीव्हीवर लागेना, तर कुरकुर न करता दुसरी केली.

रविवारी लेक आणि जावई आले. हे खुर्ची दाराजवळ ओढून बसले, पळायला सोपं म्हणून.

"फरशी?" लेक म्हणाली.

"तोंड मिटून बघ," मी म्हटलं.

सँडल ओळखून ती हसली. जावई म्हणाले, "ह्याच पायांनी मला तुडवलं पंचवीस वर्षं." मग टीव्हीतून कुणीतरी म्हणालं, "ओ कॅमेरावाले, सरका जरा!" आणि ह्यांचा आवाज आला, "सरकतो." नवरीचा बाप आहे असं सांगितलंसुद्धा नाही. सरकले आणि पुन्हा हिरव्या सँडलपाशी.

मग टीव्हीतून माझाच आवाज, "अहो, जेवून घ्या. ती काय पळून जातेय?"

"तिचं होऊ दे आधी. सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नाही ती."

लेक हसायची थांबली.

शेवटी गाडीचं दार. सँडल आत गेल्या, दार लागलं, गाडी गेली. मग नुसता रस्ता. किती तरी वेळ रस्ता. सुनेने एवढं कापलं, पण त्याला कात्री लावली नव्हती.

"गाडी गेल्यावर इतका वेळ उभे होतात, बाबा?" लेकीने विचारलं.

"मला वाटलं, बंद आहे," हे म्हणाले.

जावयांनी उगाच चष्मा पुसायला घेतला. लेकीने नाक ओढलं आणि बापाकडे न बघता म्हणाली, "आमच्याकडे या की कधीतरी. राहायलाच या."

ह्यांनी गुडघ्यावर हात फिरवला. "जिना आहे?"

"लिफ्ट आहे, बाबा."

"मग ठीक आहे." माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅग काढ."

"आत्ता?"

"मग? त्यांची गाडी रिकामीच चाललीय ना."