दाते नसलेली कोळंबी

नेइदेच्या कोळंबीला नेइदेचंच नाव मिळणार, हे कळल्यापासून लिंडाल्वाच्या घशाखाली कॉफी उतरत नव्हती.

नेइदे तिची धाकटी भावजय. खाणीत फरश्या फोडताना एका फरशीत कोट्यवधी वर्षांपूर्वीची कोळंबी निघाली, ती हिने संग्रहालयात आणून दिली. एवढंच कर्तृत्व! लिंडाल्वा बारा वर्षं इथे सुईने दगडातले जीव मोकळे करत होती. बाईच्या नावाची कोळंबी संग्रहालयात एकच होती, आणि ती तिच्या नावाची होती.

"ताई, आता कपाटात आपण दोघी शेजारी शेजारी!" तापिओकाची गरम पोळी पुढ्यात ठेवत नेइदे म्हणाली.

"कपाट भरलंय."

साफ करायला ती कोळंबी लिंडाल्वाकडेच आली. दोन्ही एकाच जातीच्या ठरल्या तर जुनं नाव कायम राहणार, नव्याला सुट्टी. ही माझ्यासारखीच निघू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

पण भिंगाखाली नेइदेच्या कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याला सहा दाते दिसले, करवतीसारखे. लिंडाल्वाच्या कोळंबीचा काटा गुळगुळीत होता आणि तेवढ्यावरच तर ती वेगळी जात ठरली होती. सहा दाते खरवडले की खेळ खलास. कोणाला कळणार होतं?

तिने सुई टेकवली. शेवटच्या दात्याचं टोक उडालं आणि मागे पांढरट खाच राहिली. ती खाच तिच्या ओळखीची होती.

तिने कपाटातून स्वतःची कोळंबी काढून भिंगाखाली धरली. गुळगुळीत वाटणाऱ्या काट्यावर तशाच सहा बारीक खाचा. कामावरचा पहिला आठवडा होता तेव्हा, हात बसला नव्हता. दगडाचा कचरा समजून तिने दातेच साफ केले होते.

म्हणजे दोन्ही एकच! नाव तिचंच राहणार होतं. फक्त त्यासाठी स्वतःच्या हाताची अब्रू वेशीवर टांगावी लागणार होती. जेवणापर्यंत ती दोन्ही दगड आलटून पालटून भिंगाखाली धरत राहिली. मग डबा घेऊन आलेल्या नेइदेला हसताना पाहिलं आणि तिच्याने राहवेना.

"डॉक्टर, माझ्या कोळंबीचे दाते मीच उडवलेत," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "नेइदेची ही नवी जात नाहीच. नाव माझंच राहील."

जातींना नावं देणाऱ्या डॉक्टर ओताव्हियोंनी दोन्ही दगड बराच वेळ पाहिले. "नाव तुमचंच, लिंडाल्वाबाई. पण वर्णन नव्याने छापावं लागेल, फोटोसकट. आणि दाते असलेली ही एकच आहे."

"नाव ताईचं, फोटो माझ्यावालीचा!" नेइदेने टाळी वाजवली. "घरातच राहिलं की सगळं!"

हिला वाईटसुद्धा वाटू नये? लिंडाल्वाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पण हा शेवटचा दाता ताजा तुटलेला दिसतोय," भिंगातून डोळा न काढता डॉक्टर म्हणाले.

"खाणीत माझ्याच हातून उडाला असेल," नेइदे लगेच म्हणाली. "ताईचा हात आता बसलाय."

लिंडाल्वाने सुई हळूच खिशात टाकली. चांगुलपणाही हिच्याच वाट्याला यावा, या विचाराने ती आणखी जळली.