साडेचौऱ्याऐंशी मीटर

आयलेव्हकाकाने मला सांगितलेलं काम ऐकायला सोपं होतं. एका जुन्या फोटोवरून एक अंतर मोजायचं.

"तू फिजिक्स शिकलीस ना? मग सांग मला. त्या दिवशी मी कुठे उतरलो?"

"साडेचौऱ्याऐंशी मीटर," मी म्हटलं. आमच्या गावात हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. "क्लबच्या भिंतीवर लिहिलंय."

"भिंतीवर तुझ्या बापाचा हात लिहिलाय. मी माझे पाय विचारतोय."

ऑक्टोबर महिना होता. काकाच्या डोक्यात गाठ सापडून पाच आठवडे झाले होते आणि डॉक्टरांनी वसंत ऋतूपर्यंतचा अंदाज दिला होता. तो छप्पन्न वर्षांचा होता. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तो सुरीने तपकिरी चीजचे पातळ काप काढत होता आणि माझ्या ब्रेडवर ठेवत होता, मी नको म्हणत असतानाही.

१९८४च्या जानेवारीत आमच्या स्कारदालच्या टेकडीवर स्कीवरून लांब उडी मारण्याची निवड-स्पर्धा झाली. राष्ट्रीय संघात शेवटची एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघे होते: वीस वर्षांचा आयलेव्ह आणि खालच्या वाडीतला हाल्वर. आमच्या टेकडीवर अर्ध्या मीटरला एक गुण मिळतो. आयलेव्हने हाल्वरला अर्ध्या गुणाने हरवलं. म्हणजे उडी चौऱ्याऐंशी मीटरची धरली असती, तर तो अर्ध्या गुणाने हरला असता.

तेव्हा अंतर डोळ्यांनी मोजत. उतरणीच्या दोन्ही कडांना मीटरमीटरवर स्प्रूस झाडाच्या डहाळ्या खोचलेल्या असत आणि एका कडेला माणसं उभी असत, प्रत्येकाकडे दोन-तीन मीटर. उडी आपल्या हद्दीत उतरली की तो माणूस हात लांब करून ती जागा दाखवायचा. वरून नोंद घेणारा तो आकडा मोठ्याने परत म्हणेपर्यंत हात खाली आणायचा नाही, असा नियम होता. त्या दिवशी चौऱ्याऐंशी ते शहाऐंशीच्या हद्दीत काकाचा थोरला भाऊ उभा होता. स्वाइनुंग. माझे बाबा.

"तुला वाटतं बाबांनी अर्धा मीटर वाढवला?"

"मला वाटतं म्हणून विचारत नाही, वाटणं थांबावं म्हणून विचारतोय." त्याने सुरी खाली ठेवली. "उतरलो तेव्हा डहाळी बुटाच्या बाजूला होती. चौऱ्याऐंशीची. डोळ्यांच्या कडेने पाहिली मी. पायांना कळतं गं. मग पाहतो तर दादाचा हात पुढे."

"कुठल्या बुटाच्या बाजूला?"

"छत्तीस वर्षं होत आली, आता बुटाचं नाव विचारतेस?"

मला प्रश्न महत्त्वाचा वाटत होता. आमच्याकडे उतरताना एक पाय पुढे, एक मागे टाकून गुडघे वाकवतात आणि काका त्यासाठीच प्रसिद्ध होता. त्याच्याइतकं खोल कोणी उतरत नसे. अंतर मात्र दोन पायांच्या मध्यापर्यंत मोजतात. पण त्याला नियम मी काय सांगणार?

त्या अर्ध्या गुणावर काका संघात गेला. तीन वर्षांनी जगज्जेता झाला. गावाने रस्त्यावर शेकोट्या पेटवल्या, शाळेला सुट्टी दिली. आठ मोसम तो उडत राहिला. मग स्कींची टोकं फाकवून उडणारी पोरं आली. परीक्षकांनी आधी त्यांचे गुण कापले आणि नंतर कापणं सोडलं. काकाच्या स्की आयुष्यभर समांतर राहिल्या होत्या. त्या फाकवायला शिकताना तो दोनदा पडला, दुसऱ्यांदा खांद्यावर, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी घरी आला. त्यानंतर नगरपालिकेची बर्फ काढायची गाडी. पहाटे गाडीचा आवाज आला की शेजारी म्हणायचे, "उठा, जगज्जेता अंगणात आलाय."

हाल्वर लाकडाच्या कारखान्यात गेला. दुकानात भेटला की म्हणायचा, "काय चॅम्पियन, कसं काय?" तो मनाने सरळ माणूस आहे. मला वाटतं, तो खरंच विचारपूस करत असे. काकाला मात्र ते दरवेळी टोचायचं.

आणि बाबा? पुढच्या हिवाळ्यात ते नेहमीप्रमाणे डहाळ्या खोचायला टेकडीवर गेले, तेव्हा क्लबच्या अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. आयलेव्हचं म्हणणं होतं की तो उडत असताना सख्खा भाऊ रेषेवर नको. नियम म्हणून त्यात वावगं काही नव्हतं. पण ते बाबांना तिसऱ्या माणसाकडून कळलं. तेव्हापासून दोघे भाऊ हवामानाबद्दल बोलत, जळाऊ लाकडाबद्दल बोलत, गाडीला हिवाळी टायर कधी लावायचे यावर तर वादही घालत. त्यापलीकडे काही नाही.

मी बाबांना सांगितलं तेव्हा ते गॅरेजमध्ये स्कीचं मेण खरवडत होते.

"मोजू नकोस," ते म्हणाले.

"का? तुम्ही वाढवला होता?"

खरवडणं थांबलं. "इंगुन, रेषेवरच्या माणसाने काय करायचं असतं माहितीये? जमिनीकडे बघायचं. आपल्या डहाळ्यांकडे. हवेत बघितलं की डोळे उडणाऱ्याबरोबर वाहत जातात आणि तो आहे त्याच्या पुढे उतरल्यासारखा दिसतो. पहिल्या दिवशी हेच शिकवतात. वर बघू नकोस, कोणीही असो."

"मग?"

"मी वर बघितलं." त्यांनी मेणाचा चुरा बोटाने गोळा केला. "माझा भाऊ होता. सुंदर उडत होता. नजर खाली वेळेत आली की नाही, मला ठाऊक नाही. हात गेला तो डोळ्यांनी गेला की मनाने गेला, देव जाणे. मी खोटं बोललो नाही. पण खरं बोललो, हेही सांगता येत नाही मला."

"हे काकाला सांगितलंत कधी?"

"त्याने विचारलं कधी?"

मी त्याच आठवड्यात मोजायला बसले. फोटो होता. स्थानिक साप्ताहिकाच्या आर्नफिनने काढलेला, काका नेमका बर्फाला टेकतानाचा, मागे डहाळ्यांची रांग. माझ्याकडे वर्तमानपत्राचं कात्रण होतं. डहाळ्यांमधलं अंतर एक मीटर, अलीकडच्या कडेच्या डहाळ्याही दिसत होत्या, त्यामुळे उतरणीवर रेषांची जाळी आखता येत होती. अवघड काही नव्हतं. पण कात्रण ठिपक्याठिपक्यांचं होतं, बूट कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. उत्तर आलं चौऱ्याऐंशी पूर्णांक चार, तीस सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे.

उडी जवळच्या अर्ध्या मीटरला धरतात. सव्वाचौऱ्याऐंशीच्या वर असेल तर बाबा बरोबर, खाली असेल तर चूक. माझ्या उत्तरात दोन्ही बसत होतं. बाबांच्या बाजूने जास्त, पण दोन्ही.

मूळ निगेटिव्ह हवी होती. आर्नफिन वारला होता, त्याची बायको बोर्गहिल्द हिवाळ्यासाठी स्पेनला गेली होती. फोनवर ती म्हणाली, "निगेटिव्ह तळघरात आहेत पोरी, पण तिथे मी सोडून कोणी हात लावायचा नाही. आर्नफिनलाही परवानगी नव्हती. जानेवारीत कमरेच्या ऑपरेशनला येतेय, तेव्हा ये."

नोव्हेंबरात काकाने विचारलं, "काही निघालं?"

"अजून नाही."

"अंदाजे सांग."

"अंदाजे सांगून काय उपयोग?" मी म्हणाले. "तीस सेंटीमीटरपर्यंत चूक असू शकते. नीट झालं की सांगते."

तो हसला. "अगदी बापावर गेलीस. तोसुद्धा आकडा सांगायच्या आधी तीनदा डहाळी मोजायचा."

हे तो कौतुकाने बोलला की टोमणा मारला, हे मी तेव्हा विचारलं नाही. डिसेंबरातही त्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, जानेवारी. डॉक्टरांनी वसंत सांगितला होता, माझ्याकडे वेळ होता, असा माझा हिशेब. जगण्याचा अंदाज त्यांनी दिला होता. शब्दांचा कोणी दिला नव्हता, आणि तो मागायला हवा हे मला सुचलं नाही.

नाताळानंतर काका वस्तूंची नावं विसरू लागला. कपाला "ते गोल" म्हणायचा आणि स्वतःच चिडायचा. जानेवारीच्या मध्याला त्याला टेकडीखालच्या शुश्रूषागृहात हलवलं. तेव्हा त्याच्याकडे वीसेक शब्द उरले होते.

बोर्गहिल्द एकवीस तारखेला आली. काठी टेकत तळघरात उतरली, वॅफलच्या पिठाच्या जुन्या डब्यातून पाकीट काढून तिने माझ्या हातात दिलं. "तो दिवस मला आठवतो," ती म्हणाली. "उणे अठरा. आर्नफिनने कॅमेरा पोटाशी धरून गरम ठेवला होता. घरी आला तेव्हा पोटावर लाल चौकोन."

निगेटिव्ह स्वच्छ होती. उतरताना काकाचा वेग सेकंदाला चोवीस मीटरच्या आसपास असणार. म्हणजे ज्या अर्ध्या मीटरवर एवढं सगळं अडलं होतं, तो त्याने सेकंदाच्या पन्नासाव्या भागात ओलांडला होता. डोळ्यांच्या कडेने पाहिलेल्या डहाळीचा भरवसा तेवढ्या वेळात कोणी देऊ शकत नाही, आणि पायांना जे कळतं त्याचाही नाही. चित्र गतीमुळे पाचेक सेंटीमीटर पुसट झालं होतं, तरी बूट दिसत होते. दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले. बर्फाचा फवारा अजून उडालाही नव्हता.

मागचा बूट चौऱ्याऐंशीच्या डहाळीपासून बारा सेंटीमीटरवर होता. पुढचा बूट ब्याण्णव सेंटीमीटरवर. मध्य चौऱ्याऐंशी पूर्णांक बावन्न, चूक फार तर सहा सेंटीमीटर. मी तीन वेळा मोजलं, तिसऱ्या वेळी उलट्या बाजूने.

काकाने डहाळी पाहिली होती, ती मागच्या बुटाशी होती. ज्या खोल उतरण्यासाठी लोक त्याला पाहायला येत, त्याच उतरण्यात त्याचा अर्धा मीटर लपला होता.

चित्राच्या कडेला लोकरी टोपी घातलेला एक माणूस होता. वर्तमानपत्राने तो कापून टाकला होता. तरुण, गुडघ्यात किंचित वाकलेला, हात अजून वर जायचा होता. मी त्याचा चेहरा मोठा करून पाहिला. नजर खाली होती, बर्फावर.

बाबांना दाखवलं तेव्हा त्यांनी आधी त्या टोपीवाल्या माणसाकडे पाहिलं. "वेळेत आली," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "चल."

काका खिडकीशी खुर्चीत होता. परिचारिकेने त्याच्या गळ्याशी रुमाल बांधला होता, कारण नुकतं सूप झालं होतं. बाहेर लख्ख दुपार होती आणि टेकडी पूर्ण दिसत होती.

मी फोटो त्याच्या मांडीवर ठेवला. मोठा काढून आणला होता. जाळीच्या रेषा, दोन्ही बूट, मधला बिंदू. "काका, मोजलं. बाबा बरोबर होते. साडेचौऱ्याऐंशी."

"बरं," काका म्हणाला.

"मागचा बूट डहाळीशी होता. तू मागचा पाहिलास. हा बघ."

"बरं." हाच शब्द त्याने आम्ही आत आलो तेव्हा परिचारिकेला उद्देशून वापरला होता.

त्याने फोटोवर अंगठा फिरवला. स्वतःवरून नाही, डहाळ्यांवरून, एकेक करत, कडेपर्यंत. टोपीवाल्या माणसापाशी अंगठा थांबला. पण तो तिथून कागदाच्या कडेवर गेला आणि कडा दुमडू लागला.

"आयलेव्ह," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "मी वर बघितलं होतं रे. पण खाली आली नजर. वेळेत आली. ऐकतोयस ना? तू जिंकलास. तूच. माझ्या हाताने नाही."

काका त्यांच्याकडे पाहत होता. प्रेमाने पाहत होता असं म्हणता येईल, पण तो त्या दिवसांत सगळ्यांकडे तसंच पाहायचा, सूप भरवणाऱ्या मुलीकडेही. मला यात चूक किती धरायची ते कळत नाही.

मग बाबा उठले. खुर्चीपासून दोन पावलं मागे गेले, गुडघ्यात किंचित वाकले आणि उजवा हात लांब करून जमिनीकडे दाखवला, लिनोलियमवरच्या एका जागेकडे. "साडेचौऱ्याऐंशी," ते म्हणाले.

काकाने हाताकडे पाहिलं. हाताच्या टोकाकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले. "दादा," तो म्हणाला, आणि पुढे काहीतरी होतं जे आलं नाही. त्याने दोनदा प्रयत्न केला. मग मान खिडकीकडे वळवली.

बाबांनी हात खाली आणला नाही. साठ वर्षांचा माणूस, हात तसाच लांब धरून उभा. नियम तसा होता. आकडा परत म्हणायला हवा होता, आणि तो म्हणणारा खिडकीबाहेर पाहत होता. नोव्हेंबरात त्याने म्हटला असता. नोव्हेंबरात त्याच्याकडे सगळे आकडे होते, आणि माझ्याकडे चौऱ्याऐंशी पूर्णांक चार होतं.

"साडेचौऱ्याऐंशी," शेवटी मी म्हटलं.

बाबांनी हात खाली घेतला.