मथुराबाईचा मोह

दीपाची खाकी वर्दी तारेवर वाळताना दिसली की माझा जीव जळतो. खोटं कशाला बोलू? ती माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आमच्या कोलामांच्या पोडात, म्हणजे जंगलातल्या वस्तीत आली आणि दोनच वर्षांत सरकारनं वाघांसाठी अख्खं पोड उठवून जंगलाबाहेर आणून बसवलं. मी तिथं बावीस वर्षं काढली, तिनं दोन. आणि आता रोज पहाटे सफारीच्या जिप्सीत बसून माझ्या जुन्या गावावरून जाते कोण? ही! बारावी पास ना, गाईड झाली.

मला फक्त एकच विचारायचं होतं, माझा मोह उभा आहे का पडला. पोडात प्रत्येक घराचं मोहाचं झाड ठरलेलं असायचं. आमचं झाड सासूनं माझ्या हवाली केलेलं. चैतात उजाडायच्या आत खालचा पाला झाडून ठेवायचा, मग फुलं वेचायची. पण दीपाला विचारायचं म्हणजे कमीपणा घ्यायचा. चार वर्षं विचारलं नाही. ती जंगलाचं काही सांगायला लागली की मी भांडी आपटायची.

यंदा चैतात ती पहाटेच दारात आली. "बाई, चला. गाडीत एक जागा खाली हाय. पाहुणे हो म्हणले."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि पाय चपलेत घातले.

गाडीत पुण्याचे नवरा-बायको होते. तासाभरानं वळणावर जिप्सी थांबली. ओळखीचं एकही घर उरलं नव्हतं, नुसतं गवत. दीपा पाहुण्यांना सांगू लागली, "इथं आमचं पोड होतं. ही चावडीची जागा. आणि हा मथुराबाईचा मोह."

"मथुराबाई कोण?" पुण्याच्या बाईनं विचारलं.

"माझी मोठी जाऊ. ह्या काय, मागं बसल्यात. मी रोज सांगते सगळ्यांना."

रोज! आणि मी भांडी आपटत बसले होते. लाज वाटली मला.

खाली फुलंच फुलं पडली होती, न झाडलेल्या पाल्यात. माझा पाय कधी गाडीबाहेर गेला कळलंच नाही. दीपानं दंड पकडला.

"बाई, नका उतरू! खाली पाय ठेवला का माह्यं काम जाते."

"एक मूठ घेऊ दे वं."

"मले काय वाटत नाही? चार वर्सं झाले, चैतात रोज वास येते. एक फूल उचलता नाही आलं मले."

मी पाय आत घेतला.

तेवढ्यात झाडीतून अस्वल आलं, मागं पिल्लू. माझ्या मोहाखाली बसून दोघंही सावकाश फुलं खाऊ लागली. पाहुणे खूश, फोटोवर फोटो. माझा जीव मात्र असा जळला की काय सांगू. दीपाचाही जळत असावा, तिनं माझा दंड अजून सोडला नव्हता.