खंडेनवमीला बंद केलेला फ्रीज

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपला हळदकुंकू वाहतात, याला माझी कधीच हरकत नव्हती. बडोद्याच्या मराठी घरांत त्या दिवशी तलवारीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आमचे लॅब असिस्टंट धनाजीराव तरसालीच्या घरी पणजोबांची तलवार पुजतात आणि मग इथे येऊन मायक्रोस्कोपला झेंडूचा हार घालतात. पेढे मिळतात, फोटो निघतात. माझा राग पूजेवर नाही. तो अहल्या मॅडमवर आहे. त्या आमच्या विभागप्रमुख आहेत, प्राणिशास्त्राच्या डॉक्टर आहेत, शिवाय बाई आहेत, त्यामुळे तो तिप्पट आहे.

मी गांधिलींवर संशोधन करते. गांधील म्हटलं की लोक मागे सरकतात, पण माझ्या गांधिली मोहरीहून लहान आहेत आणि माणसाच्या वाटेला जात नाहीत. मादी माशीच्या कोशाला भोक पाडते आणि आत अंडी घालते. पिल्लं आतली माशी खाऊन मोठी होतात. निजामपुऱ्यातल्या आमच्या शेजारणींना हे सांगितल्यापासून त्यांनी माझ्याकडे कामाची चौकशी करणं बंद केलं आहे. खरी गंमत मात्र पुढे आहे. अंड्याला नराचं बीज मिळालं तर मुलगी होते, नाही मिळालं तर मुलगा. मुलग्याला बापच नसतो. नराशी गाठ न पडलेली मादीसुद्धा अंडी घालते आणि तिला सगळे मुलगेच होतात. आईकडून जे आलं ते त्या मुलग्यांत उघड दिसतं, झाकायला बापाकडचं काही नसतंच.

गोरव्याच्या उकिरड्यावरून आणलेल्या गांधिलींच्या वंशात मला एक लाल डोळ्यांचा नर सापडला. बाकी सगळ्यांचे डोळे काळे. दोन वर्षं भिंगाखाली मान मोडून बसल्यावर हा एक. माझी पीएच.डी. त्याच्यावरच उभी राहायची होती. काळ्या डोळ्यांच्या माद्यांशी त्याची जोडी लावली आणि तो मेला. त्याच्या मुलींचे डोळे काळेच होते, पण लाल रंग त्यांच्या पोटात होता. त्या बाहेर पडण्याआधीच, कोशात असताना, मी एकेकीला वेगळ्या नळीत घातलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. थंडीत त्या थांबून राहतात. सुट्ट्या संपल्या की बाहेर काढायचं, त्यांना मुलगे होऊ द्यायचे, त्यातले निम्मे लाल डोळ्यांचे निघणार. एक मादी मात्र घाई करून आधीच बाहेर आली होती. तिच्या नळीत मी मधाचा थेंब लावून ठेवला.

अष्टमीला मॅडमनी आम्हा मुलींना केबिनमध्ये बोलावलं आणि उद्या पूजा आहे, कुणाला काही अडचण नाही ना, असं विचारलं. आडवळणाचा प्रश्न होता, पण अर्थ सगळ्यांना कळला. मी सरळ सांगितलं की मला आजच पाळी आली आहे. मला वाटलं, विचारून घेतायत, हसून सोडून देतील. त्यांनी मला चार दिवस लॅबकडे फिरकू नकोस म्हणून सांगितलं आणि माझी चावी देवश्रीकडे द्यायला लावली. देवश्री माझी ज्युनिअर. ती चावी घेताना खाली बघत होती. मी फ्रीजबद्दल बोलले, तर मॅडम आमच्या बडोद्याच्या गुजरातीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "नवमी, दसरा, शनिवार, रविवार. चार दिवस तर आहेत. चालशे."

ज्या विभागात आम्ही दिवसभर बीजांडांच्या चित्रांवर बाण काढतो, त्या विभागातून मला बीजांडाच्या कारणावरून घरी पाठवलं. मी गेले, कारण वर्षाच्या अहवालावर त्यांची सही लागते. घरी आईने काय झालं विचारलं, तर तिच्यावरच ओरडले.

सोमवारी लॅब उघडली तेव्हा फ्रीजचा दिवा बंद होता. मॅडमच्या माहेरी खंडेनवमीला अवजारांना विश्रांती द्यायची रीत आहे. त्यांच्या सांगण्यावरून धनाजीरावांनी सगळ्या यंत्रांची बटणं बंद केली होती. फ्रीजपाशी ते थांबले, विचारलंही, पण एका दिवसाने काही होत नाही असं उत्तर मिळालं. मग आरती झाली, देवश्रीने ताट धरलं, पेढे वाटले आणि कुलूप लागलं. बटण कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बडोद्यातला ऑक्टोबर. उकाड्याने सगळ्या माद्या कोशातून बाहेर पडल्या आणि खायला काही नाही म्हणून नळ्यांच्या तळाशी मरून पडल्या. मी एकेक नळी उजेडात धरून पाहिली आणि तिथेच स्टुलावर बसून रडले.

मॅडम मागून आल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू इथे असतीस तर हे झालं नसतं, संयोगिता."

तो हात मी झटकला. त्या वेळी बोलायला हवं होतं, पण मी बघायची राहिलेली नळी उचलली. शेवटच्या नळीत काहीतरी हललं म्हणून मी वाचले. मधाचा थेंब दिलेली ती उतावळी मादी जिवंत होती.

तिला मी माशीचे कोश दिले. तिने अंडी घातल्यावर तिला पुन्हा फ्रीजमध्ये ठेवलं, आणि या वेळी प्लगभोवती चिकटपट्टी गुंडाळली. दोन आठवड्यांनी तिला मुलगे झाले आणि त्यातले निम्मे लाल डोळ्यांचे निघाले. पण नुसत्या नरांनी वंश चालत नाही, लाल डोळ्यांच्या मुली हव्यात. मग आईला फ्रीजमधून काढलं आणि तिच्याच लाल डोळ्यांच्या मुलाशी तिची जोडी लावली. गांधिलींत हे चालतं, आमच्या कामात तर ही नेहमीची युक्ती आहे. निम्म्या मुली लाल डोळ्यांच्या निघाल्या. वंश वाचला.

डिसेंबरात बाहेरून तपासणी समिती आली. आदल्या दिवशी मॅडमनी माझं सादरीकरण पाहिलं आणि 'आई' आणि 'मुलगा' हे शब्द काढायला सांगितले. मोठी माणसं येणार, बरं दिसत नाही म्हणे. किड्यांनीसुद्धा यांच्या घरच्या रीतीने वागायचं. मी एकही शब्द काढला नाही.

समितीतल्या एका म्हाताऱ्या मराठी सरांनी नेमकं विचारलं की हातात इतक्या माद्या असताना वंश एकीवर का येऊन ठेपला. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या की विद्यार्थिनी सुट्टीवर होती, थोडा निष्काळजीपणा झाला, मुलं आहेत, शिकतील.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ सगळे इंग्रजीत बोलत होते. मी मराठीत बोलले. "सर, मी सुट्टीवर नव्हते. मला पाळी आली होती म्हणून मॅडमनी पूजेला येऊ दिलं नाही आणि माझी चावी काढून घेतली. मग यंत्रांना विश्रांती म्हणून फ्रीज बंद केला. माझ्या गांधिली त्याने मेल्या."

मॅडमचा चेहरा लाल झाला होता. श्रद्धेचा प्रश्न आहे, पावित्र्य म्हणून काही असतं, असं त्या हळू आवाजात सरांना समजावू लागल्या. सर कागदांकडे बघत मान हलवत राहिले. हेही आता पेढ्यांसारखं वाटून संपणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. देवश्री उभी राहिली होती.

"मॅडम, मलाही त्याच दिवशी आली होती ने," ती म्हणाली. "मी सांगितलं नाही. तुम्ही आरतीचं ताट माझ्याच हातात दिलंत. मायक्रोस्कोप अजून नीट चालतोय."