झाडून काढलेली वाळू

थोरल्याने कारखान्याचं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच खिळला. मागून येणारी बायको त्याच्या पाठीवर आदळली.

जागा ओळखू येत नव्हती. धुराने काळवंडलेल्या भिंती चुन्याने पांढऱ्याफेक झाल्या होत्या. फरशी इतकी लख्ख, की पाऊल टाकायला संकोच वाटावा. आणि मधल्या हौदात धुतलेली, सोनेरी, कोरी वाळू काठोकाठ भरली होती.

धाकटा भाऊ भुवयांवर चुन्याचे शिंतोडे मिरवत उभा होता. लग्नघर सजवून पाहुण्यांची वाट बघावी, तसा त्याचा चेहरा खुलला होता.

"माझी वाळू कुठंय?" थोरल्याने विचारलं.

"ती काळी? दिली टाकून. रस्त्याच्या कामावरचा ट्रक दारावरून चालला होता."

थोरला हौदाच्या कडेला जाऊन बसला.

हे भाऊ घंटा ओतणारे. शाळेच्या, दाराच्या, जहाजाच्या घंटा. ओतायचा थोरला; धाकटा बाजार बघायचा, भट्टीपाशी तो कधी वाकलाच नव्हता. घंटेचा साचा वाळूचा असतो, आणि ही वाळू वडिलांच्या हातची. चिकणमाती आणि कोळशाची पूड घालून मळलेली. रोज संध्याकाळी ती चाळायची, पाण्याचा हबका मारायचा आणि तान्ह्या लेकरासारखी गोणपाटाखाली झाकायची. वितळलेल्या धातूने भाजून भाजून ती अशी झाली होती, की मुठीत दाबली तर बोटांचे ठसेसुद्धा धरून ठेवायची. वडील गेले, वाळू राहिली. थोरला सकाळी आधी तिच्यात हात घालायचा, मग देवाचं नाव घ्यायचा. देवाला त्यात काही वावगं वाटलं असेल, असं मला तरी वाटत नाही.

पण कोळशाच्या भट्टीने त्याची छाती धरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, हा धूर थांबवा, नाहीतर धंदा थांबवा. अशात सरकारची योजना निघाली: छोट्या कारखानदाराला विजेची भट्टी, निम्मा खर्च सरकारचा. धाकट्याने कचेऱ्यांत जोडे झिजवले. आता फक्त सरकारी खात्याच्या अधिकारी बाईंनी येऊन चालू काम डोळ्यांनी बघायचं राहिलं होतं. त्या आज दुपारी यायच्या होत्या, आणि त्यांच्यासमोर एक घंटा ओतून दाखवायची होती. सकाळी थोरला बायकोला घेऊन दवाखान्यात गेला. शेजारचा कुलूपवाला म्हणाला म्हणे, सरकार घरी येतंय, तर निदान तोंड धुतलेलं असू दे. धाकट्याने ते मनावर घेतलं आणि त्या दोघांनी मिळून सगळं धुऊन टाकलं.

थोरल्याने नव्या वाळूची मूठ भरली, दाबली, उघडली. सगळी बोटांमधून गळून गेली.

"ही उभी राहत नाही रे," तो म्हणाला.

धाकटा रस्त्याकडे पळाला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. वाळू खड्ड्यात गेली होती, तिच्यावर डांबर पडलं होतं आणि वरून रोलर फिरत होता.

त्याच्या मागोमाग बाई आल्या. त्यांनी भिंतीला बोट लावलं, ओला चुना बोटाला आला. हौदाकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"खरं सांगा, हे कधी थाटलंत?"

बाईंनी बोटाचा चुना रुमालाला पुसला.

"योजना निघाली की असे कारखाने उगवतात. भिंत ओली, वाळू कोरी. इथं कधी काही ओतलंय असं दिसत नाही."

धाकट्याला वाटलं, ज्या चुन्याने दादाची छाती वाचवायची, त्याच चुन्याने आपण दादाला लबाड ठरवलं. थोरला काही सांगायला गेला, तर खोकल्याची उबळ आली. बाई वळल्या.

"बाई, थांबा थोडं," थोरल्याची बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, काल संध्याकाळी तुम्ही एक साचा भरून ठेवला होतात ना?"

बाकाखाली ओल्या गोणपाटाने झाकलेली लोखंडी पेटी होती. जड म्हणून ती उचलली नाही, नुसती सरकवली, असं धाकट्याने कसंबसं सांगितलं. सरकवली हे ऐकून थोरल्याने डोळे मिटले. मग त्याने श्वास रोखून पेटीचं वरचं झाकण उचललं. एक कोपरा ढासळला होता. घंटेची पोकळी मात्र शाबूत होती.

भट्टी पेटली. पांढऱ्या भिंतींवर पुन्हा धूर चढू लागला. थोरल्याने खोकत खोकत वितळलेल्या धातूची मूस धरली आणि लालभडक धार साच्यात सोडली. बाई शेवटपर्यंत उभ्याच होत्या. धातू थिजल्यावर त्याने पेटी उलटी केली, तशी वडिलांची काळी, वाफाळती वाळू लख्ख फरशीवर पसरली. घंटा निवल्यावर त्याने टिचकी मारली. नाद पांढऱ्या भिंतींमधून घुमत राहिला.

"भिंती रंगवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बाई धाकट्याला म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "तो धूरच तर बघायला आले होते मी. भट्टी मिळेल."

त्या गेल्या. धाकटा आनंद करायचं विसरला होता. गुडघे टेकून तो फरशीवरची वाळू ओंजळीने गोळा करत होता.

"विरजणापुरती उरलीय, भावोजी," वहिनी हळूच म्हणाली. "नवीत चिकणमाती घालू, ही थोडी थोडी मिसळत जाऊ. लागेल तेवढा वेळ लागेल."

थोरल्याने खुंटीवरची चाळणी काढून धाकट्यापुढे धरली.

"नीट वाक," तो म्हणाला. "चाळताना पाठ ताठ ठेवून चालत नाही."